अडतिसावा खेळाडू

"एकही नंबर सरकणार नाही!" लेस कॉलोपीने टेबलावर मूठ आपटली. "शंभर म्हणजे शंभर."

लेस हा करंडल फुटबॉल क्लबचा अध्यक्ष. क्लबकडून पहिला सामना ज्या क्रमाने खेळला, तो प्रत्येक खेळाडूचा कायमचा नंबर. भिंतीवरच्या फळीवर नावाआधी पितळेत ठोकलेला. लेसचे आजोबा शंभरावे. लेसने तो आकडा हातावर गोंदवून घेतला होता आणि भर थंडीतही तो बाह्या सारून फिरायचा. न जाणो, कुणाच्या नजरेतून सुटला तर!

सभेत त्याच्यासमोर मर्ल ट्रेगिअर बसली होती, सत्तरी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका. दोन हिवाळे जुनी वर्तमानपत्रं उपसून तिने आर्ची पेल शोधून काढला होता. घोड्यांना नाल ठोकणारा माणूस. १८९६च्या ऑगस्टमध्ये संघाला एक गडी कमी पडला, म्हणून त्याला प्रेक्षकांतून ओढून मैदानात उतरवलं. त्याने तीन गोल केले आणि शेवटी पाय मोडून घेतला. क्लबने ना त्याची विचारपूस केली, ना नाव लिहिलं. आता तो यादीत आला, की त्याच्या मागचे सगळे एकेक नंबर खाली जाणार होते.

"एकशे एक?" लेस ओरडला. "मग हा हात काय तोडून टाकू?"

"तोडतोस कशाला? शेवटच्या शून्यातून एक उभी रेघ मार."

कुणीतरी फिसकन हसलं. लेसने वळून पाहताच हसणारा चहाच्या कपात तोंड घालून बसला.

"तुझं बरंय गं. तुझे आजोबा अडतिसावे आणि हा तुझा नालवाला बरोब्बर एकोणचाळिसावा. म्हणजे तुझ्या घरचं पान हलायला नको, हलायचं ते आमचं."

"तो आयत्या वेळी आला, लेस. त्या सामन्यातला शेवटचाच."

"मग एकाला काढ नि त्याला घाल! आहे कुणी?"

मर्लच्या हातात त्या १८९६च्या वर्तमानपत्राची प्रत होती. खालची ओळ दिसू नये म्हणून तिने ती घरूनच दुमडून आणली होती. आयुष्यभर पोरांच्या लबाड्या पकडणाऱ्या बाईने ही लबाडी केली होती, आणि तिची तिलाच शिसारी येत होती.

"पेल नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा," लेस म्हणाला.

सगळे हात वर गेले. आता गप्प राहिलं तर पेल कायमचा पुसला जाणार होता. मर्लने घडी उलगडली आणि कागद लेसपुढे सरकवला.

लेसने मोठ्याने वाचलं, "'डब्ल्यू. ट्रेगिअर यांचं नाव आदल्या दिवशी जाहीर होऊनही ते आले नाहीत. ते घोड्यांच्या शर्यतीला गेले होते असं समजतं.'" मग तो सावकाश हसला. "म्हणजे तुझा म्हातारा कधी खेळलाच नाही?"

"नाही. यादीत त्यांच्या नावावर तो एकच सामना आहे."

"म्हणजे पेल अडतिसावा. आणि आमचे शंभरावे जागच्या जागी! घ्या रे त्याला."

मघाचेच हात पुन्हा वर गेले. या वेळी आनंदाने.

"मर्ल, तो बिल्ला," लेसने हात पुढे केला.

पंधराव्या वर्षी वडिलांनी आजोबांच्या नंबराचा तो बिल्ला तिच्या कोटावर लावला होता. ३८. टाचणी निघता निघेना, बोटाला टोचली. तिने बिल्ला टेबलावर ठेवला.

"पेलच्या माणसांना देता येईल," ती म्हणाली. "पण त्याचं कुणी नाही. मी खूप शोधलं."

"कपाटात राहील. आणि खुर्चीही सोड. सभेला फक्त खेळाडूंच्या घरचे बसतात. नियम तूच लिहिलायस."

खरंच तिनेच लिहिला होता. तिने कोट उचलला. सगळे खाली मान घालून बसले होते. तिला त्या सगळ्यांचा राग आला, आणि शर्यतीला गेलेल्या त्या म्हाताऱ्याचा सगळ्यांत जास्त.

दारात ती थांबली.

"पेल," ती म्हणाली. "शेवटी दोन एल. नीट ठोका."