टाचणीची दोन भोकं

मी एक जुनं कार्ड आहे, मित्रांनो, शब्दकोशाच्या कार्यालयातलं. आणि माझा राग अजून उतरलेला नाही.

कोशाची कार्डं लिहिणाऱ्या ताईंनी माझ्यावर ठसठशीत अक्षरात शब्द लिहिला, 'आई'. खाली अर्थ. मुळाच्या रकान्यात मात्र लाल पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह, कारण त्याबद्दल जाणत्यांचं एकमत नव्हतं. दुसऱ्या खणात जपानी 'आइ' या शब्दाचं कार्ड होतं. त्याचा अर्थ प्रेम, मूळ चिनी. नातं सिद्ध होईपर्यंत दोघांना दोन खण, हा ताईंचा नियम. बावीस वर्षं त्यांनी तो पाळला. त्यांचं कार्ड म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणायचे, आणि मी फुशारून जायचे.

मग नवे संपादक आले. छपाईला आठवडा उरला असताना त्यांनी आम्हां दोघांना एका टाचणीत टोचलं आणि माझ्या प्रश्नचिन्हावर खरखरा खोडरबर घासला.

"आई आणि प्रेम, मूळ एकच! ताई, वाचकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

"पाणी कांदा चिरतानाही येतं, साहेब. पुरावा कुठाय?"

"अहो, दोन्ही शब्द हुबेहूब आहेत!"

"माझी नि शिपाईमामांची छत्रीही हुबेहूब आहे. म्हणून ते माझे सख्खे मामा झाले का?"

दारातले शिपाईमामा खुदकन हसले. साहेब हसले नाहीत. "ही ओळ कोशात राहणार," ते म्हणाले.

"मग पहिल्या पानावरून माझं नाव काढा."

आणि काढलं हो! बावीस वर्षांवर एक फुली, तीही चहा पिता पिता!

आता ती ओळ शाळांच्या भिंतींवर रंगीत अक्षरांत झळकते. मुलं घोकतात, मोठे माना डोलावतात. ताई पुन्हा आल्या नाहीत. मी कपाटाखालच्या खोक्यात पडून आहे.

मित्रांनो, तुमच्या वर्गात ती ओळ दिसली तर हात वर करा आणि विचारा, "कशावरून?" कुणी डोळे वटारले तरी विचारा. माझं प्रश्नचिन्ह खोडलंय, तुमचं कुणाला खोडू देऊ नका.

आणि जरा लवकर करा. टाचणी गंजून गळून पडली आहे. आम्हां दोघांच्या अंगावर एकाच जागी भोक आहे, भोवती तोच तांबूस डाग. उद्या कुणीतरी हे खोकं उघडेल, आम्हांला शेजारी शेजारी धरेल आणि म्हणेल, "बघा, खूणसुद्धा सारखी! आता आणखी काय पुरावा हवा?"