फळी बदलायला सुतार आलेत

मी विद्यापीठाचा क्रीडा हॉल बोलतोय, आणि गोड बोलणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी पुण्यात मला उभा केला. खाली लाकडी फळ्या, वर उंच छत, अडीच हजार खुर्च्या. दारावर लिहिलं ‘बहुउद्देशीय’. त्या एका शब्दानं घात केला. सकाळी व्हॉलीबॉल, दुपारी नोकरी मेळावा, संध्याकाळी फॅशन शो. येणारे वडापावचे कागद खुर्चीखाली सारतात आणि वर बघून म्हणतात, ‘मस्त आहे हां.’

मला जपलं ते एकट्या सत्यशीलाबाईंनी. त्या व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षक. कोथरूडहून स्कूटरवर सहाला हजर. समोर उभं राहून फळ्या पुसून घेणार.

गेल्या महिन्यात स्नेहसंमेलन झालं. कार्यक्रम विभागाचे प्रमुख यज्ञेश्वर यांनी लोखंडी स्टेज थेट लाकडावर रोवलं. ते निघालं तेव्हा नेटजवळची एक फळी उभी चिरली होती. बाईंनी लेखी कळवलं.

“अहो बाई, परवा स्पर्धा आहे,” यज्ञेश्वर म्हणाले.

“म्हणूनच सांगतेय. पुढे ढकला.”

“आपण खेळाचं बघा. इमारतीचं आम्ही बघतो.”

बघितलं. चिरेवर लाकडाच्या रंगाची चिकटपट्टी लावली आणि बाईंना कळवलं, फळी दुरुस्त झाली.

संघाची कर्णधार रुपाली, यवतमाळची. स्पर्धेत स्मॅश मारून ती खाली आली ती नेमकी तिथेच. पाय अडकला, गुडघा फिरला. तो आवाज मी ऐकलाय. शेकडो मोबाइल वर झाले.

अपघाताच्या अहवालात लिहिलं, खेळाडूचे बूट झिजलेले होते. बाईंनी सही केली नाही.

रुपालीची आई, विमलाबाई, गावाहून आल्या. खाली बसून चिरेवरून हात फिरवला. यज्ञेश्वरांनी पुष्पगुच्छ पुढे केला.

“ठेवा तुमच्यापाशीच,” त्या म्हणाल्या. “माही पोरगी पडली नाही. तुम्ही पाडली तिले.”

तिथून त्या थेट पोलीस चौकीत गेल्या.

आज दुपारी पंचनामा आहे. आणि सकाळी नऊलाच नवी फळी घेऊन सुतार हजर. नऊ वर्षांत माझ्या डागडुजीची एवढी घाई यज्ञेश्वरांना कधी झाली नव्हती.

सत्यशीलाबाईंनी त्या चिरेवर खुर्ची टाकली आणि बसल्या.

“उठा बाई. नोकरीवर गदा येईल,” यज्ञेश्वर म्हणाले.

“पोलीस येऊ देत. मग उठते.”

सुतार हातातली पटाशी खाली ठेवून भिंतीला टेकलेत. यज्ञेश्वर फोनवर आहेत, सुरक्षारक्षक बोलावताहेत. बाई हललेल्या नाहीत.

चौकीत जाऊन मला सांगता येत नाही. जे आहे ते त्या चिरेत आहे. इथे टाळ्या वाजवून गेलेल्या लोकांनो, तुमचा मला राग आहे आणि तो जाणार नाही. तरी आवारात कुठे असाल तर आत या. बाई एकट्या बसल्यात. येताना आणखी एक खुर्ची उचलून आणा.