पाटीवरचा तीन

"एकतीस वर्षं डोव्हर क्रीकच्या मैदानावर पाटीचा खांब धरतोय, एकदाही आकडा चुकलेला नाही." हे वाक्य मी यंदाच्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळपर्यंत दिवसातून दोनदा तरी म्हणत असे. माझी बायको डोलोरेस म्हणते, चारदा.

काम दिसायला सोपं आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. कितवा प्रयत्न चालू आहे तो आकडा माझ्या खांबावरच्या पाटीवर असतो. प्रत्येक खेळीनंतर चेंडू जिथे अडला तिथे खांब न्यायचा आणि आकडा फिरवायचा. नियम एकच, पण कडक: ओरडायचं नाही. पाटीवाला कुठल्याच संघाचा नसतो. ऑगस्टच्या गारपिटीत गुणफलकावरचा प्रयत्नांचा दिवा फुटला आणि दुरुस्त करू करू म्हणता ऑक्टोबर उजाडला, त्यामुळे यंदा सगळं मैदान माझ्याच पाटीकडे बघत होतं. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

तर त्याच्या आदल्या संध्याकाळी, शुक्रवारी, आमच्या शाळेचा वॉलफोर्डशी सामना होता. आम्ही दोन गुणांनी मागे, अकरा सेकंद उरलेले, चेंडू वॉलफोर्डच्या शेवटच्या रेषेपासून चार यार्डांवर आणि प्रयत्न चौथा, म्हणजे शेवटचा. लाथ मारून चेंडू रेषेमागच्या दोन उंच खांबांमधून घातला की तीन गुण आणि सामना खिशात. इतक्या जवळून आमचं पोरगं डोळे मिटून मारेल. आणि आमच्या कोचने, या ट्रॅव्हिस लिंडक्विस्टने काय करावं? सहा गुणांसाठी चेंडू काखेत धरून मधोमध रेषेपार घुसायला लावलं! वॉलफोर्डच्या पाचजणांनी आमच्या पोराला तिथेच लोळवलं. नऊ वर्षांनी वॉलफोर्डकडून हरलो.

घरी आलो तो कोटही न काढता अर्ज लिहायला बसलो. 'शाळा समितीस विनंती की, कोच लिंडक्विस्ट यांना कामावरून दूर करावे.' हा माणूस तीन वर्षांपूर्वी लिंकन शहरातून आला तेव्हापासूनच माझ्या मनाला पटत नव्हता.

आमच्याकडे रीत आहे. जिंकोत वा हरोत, शनिवारी सकाळी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये कोचने स्वतः सामन्याची फिल्म दाखवायची आणि पॅनकेक खाता खाता गावाने त्याला सोलून काढायचं. त्या दिवशी तर बसायला जागा नव्हती. मी अर्ज पाकाच्या बाटल्यांशेजारी ठेवला आणि कॉफी संपायच्या आत त्यावर बेचाळीस सह्या झाल्या.

"लाथ मारायची, लाथ!" मी टेबलावर काटा आपटून म्हणालो. "एवढंसं पोरही सांगेल!"

"अरे, घुसला असता तर तूच कोचला खांद्यावर घेऊन नाचला असतास," ड्वेन हर्बेक म्हणाला. हा मैदानावर माझ्याशेजारी दहा यार्ड मोजायची साखळी धरतो.

"मी कुणासाठी नाचत नसतो. पाटीवाला आहे मी."

"वारा समोरून होता," मागून कुणीतरी कोचची बाजू घेतली.

"वारा? नेब्रास्कात वारा कधी नसतो रे? वारा थांबला तर इथली गुरं तोंडावर पडतील!"

हॉल हसला. समितीची अध्यक्ष मार्ज नोव्होटनी तव्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "एमिल, तुझे पॅनकेक गार झाले. आधी खा, मग भांड."

कोच पडद्यापाशी उभा होता. चौतिशीचा, लांबुळका, डोळ्यांखाली काळं आलेलं. "निर्णय माझा होता," तो म्हणाला. "चुकला. पोरांना काही बोलू नका." आणि त्याने फिल्म लावली.

फिल्म आमच्या प्रेक्षकांच्या बाजूच्या छपरावरून काढलेली असते. त्यामुळे पडद्याच्या खालच्या कडेला कोच दिसतो आणि वरच्या कडेला, मैदानापलीकडे, आम्ही खांबवाले. तिसऱ्या प्रयत्नाला आमचं पोरगं सहा यार्ड धावलं. त्याबरोबर वरच्या कडेला नारिंगी जाकिटातला एक जाडा म्हातारा टुणकन उडाला आणि त्याने शेजारच्याला मिठी मारली.

"एमिल, तो तू का रे?" ड्वेन ओरडला. "तरीच माझी बरगडी दुखतेय! कुणासाठी नाचत नाहीस ना?"

हसण्याने हॉल दणाणला. मीही हसलो. मग जाड्याने खांब उचलला, पुढे नेऊन रोवला, आणि माझं हसू जागच्या जागी थिजलं. पाटीवर तीन होता. मी आकडा फिरवलाच नव्हता.

खालच्या कडेला कोचने मान वर करून पाटीकडे पाहिलं आणि पोरांना तीन बोटं दाखवली. एवढ्यात खऱ्या कोचने चटकन कळ दाबली आणि फिल्म पुढे पळाली. "इथे विशेष काही नाही," तो म्हणाला.

बाकीचे अजून ड्वेनच्या बरगडीवर हसत होते. कुणी काही पाहिलं नाही. माझ्या पाटीमुळे कोचला तो तिसराच प्रयत्न वाटला होता. तिसरा प्रयत्न असता तर घुसणंच बरोबर होतं. अडला तर टाइम-आउट घेऊन घड्याळ थांबवायचं आणि चौथ्याला आरामात लाथ मारायची. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. आणि या माणसाने ही फिल्म आधी पाहिली होती. त्याला सगळं ठाऊक होतं.

"काय रे, घास अडकला?" डोलोरेसने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

मी गप्प बसायचं ठरवलं. तो निश्चय एक आख्खा पॅनकेक संपेपर्यंत टिकला.

मग मार्जने हात पुसून अर्ज उचलला. "कोच, सोमवारी हा समितीपुढे येईल. तुला काही सांगायचंय?"

कोचने माझ्याकडे नुसतं पाहिलं असतं तरी मी बसून राहिलो असतो, तेवढा हट्टी आहे मी. पण त्याने पाहिलं नाही. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "नाही. काही नाही."

"फिल्म मागे ने," मी उभा राहिलो.

"एमिल, बसा. राहू द्या," कोच म्हणाला.

"मागे ने म्हणतो ना! पाटीवर थांबव."

त्याने थांबवली. सगळ्यांच्या माना पडद्याच्या वरच्या कडेला वळल्या.

"तीन?" ड्वेन पुटपुटला.

"एकतीस वर्षं!" डोलोरेस म्हणाली आणि अशी हसत सुटली की तिला टेबल धरावं लागलं. मग सगळा हॉल फुटला. मी मरायला टेकलो होतो आणि लोक डोळे पुसत होते.

"मोजायचं काम माझंही होतं," कोच म्हणाला. "रेफरीने चार बोटं दाखवलीही होती. मीच तिकडे पाहिलं नाही."

"पण तू बोलला का नाहीस? नोकरी जात होती तुझी!"

त्याने कान खाजवला. "ते तुमचं वाक्य आहे ना, एकतीस वर्षांचं. तीन वर्षं रोज ऐकतोय. ते माझ्याच्याने मोडवेना."

मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की काय सांगू. आणि त्याच वेळी तो पोरगा मला आवडला, कायमचा. मी मार्जच्या हातातून अर्ज ओढला, त्याचं नाव खोडलं, वर 'पाटीवाला एमिल कुबिचेक' लिहिलं आणि कागद टेबलावर आपटला. खाली बेचाळीस सह्या आधीच होत्या, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

"मंजूर!" हॉल ओरडला.

सोमवारी समितीने अर्ज वाचला. माझ्या बाजूने बोलायला एकच माणूस आला होता: कोच लिंडक्विस्ट. पाटी माझ्याकडे राहिली. दिवा दुरुस्त करायचा ठराव झाला, तो अजून ठरावातच आहे.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीच वेळ आली. आम्ही एका गुणाने मागे, चेंडू रेषेपासून दोन यार्डांवर. मैदानापलीकडून कोचने माझ्याकडे बघून चार बोटं वर केली आणि हसला. त्याच्या मनात काय आहे ते मी ओळखलं. लाथ मारणारं पोरगं बाकावरच बसलं होतं.

मी आधी पाटी फिरवली. चार. दोनदा वर बघून खात्री केली. मग नियम गेला खड्ड्यात म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "घुसव रे, कोच!"