चौथं पातं

बन्सीलाल ऑईल इंजिनं दुरुस्त करायचा, पण नंदुरबारात त्याचं नाव झालं ते विमानांवरून. लढाईत आणि नंतर दोनेक वर्षं तो हवाई दलात फिटर होता. सुटून आला, स्टेशनाच्या रस्त्यावर दुकान टाकलं, आणि लोक त्याच्यापुढे लढाईतले फोटो आणून टाकू लागले. कुणी जुन्या वर्तमानपत्राचं कात्रण आणी, कुणी चहाच्या हॉटेलातल्या भिंतीवरचं चित्र सोलून आणी. बन्सीलाल एक नजर टाकून विमानाचं नाव सांगे. तो चुकला असं कुणी म्हणत नसे, कारण दुसऱ्या कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फोटोतल्या माणसांकडे तो बघतही नसे. विमानापुढे उभी राहून चाकं झाकणारी माणसं त्याला रस्त्यात आडव्या आलेल्या गुरांसारखी वाटत.

अठ्ठावन्न सालच्या माघात, मिरचीचा बाजार ऐन भरात असताना, सारंगखेड्याचे हिंमतराव पाटील दुकानात आले. मागे त्यांची भावजय जसोदाबाई, डोईवरून पदर पुढे ओढलेली. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तोंड उघडायची रीत नव्हती, म्हणून ती जे बोलायचं ते बन्सीलालशी बोले आणि हिंमतराव ते ऐकत.

हिंमतरावांचा धाकटा भाऊ, जसोदाबाईचा नवरा भिला, हवाई दलाच्या तळावर हमालीच्या कामाला लागला होता. चव्वेचाळीसच्या होळीला तार आली, भिला ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर बेपत्ता. बेपत्ता म्हणजे धड मेला नाही आणि धड जगला नाही. लढाई संपून दोनेक वर्षं होत आली तेव्हा टपालाने एक पाकीट आलं. आत फक्त एक फोटो. विमानापुढे भिला आणि दोघं सोबती, न चिठ्ठी, न तारीख. गाव म्हणालं, लष्कराचं टपाल आहे, गावोगाव फिरत आलं, फोटो तारेच्या आधीचाच. जसोदाबाई एकटी म्हणाली, नंतरचा.

बारा वर्षं माणूस परतला नाही, की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. मग त्याचं नाव पितरांत घेता येतं. हिंमतराव वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्या मुलीचं लग्न निघालं होतं आणि पितरांना आवतण देताना भिलाला द्यायचं की नाही, हा घोळ मिटत नव्हता. विधी झाला की जसोदाबाईचं कुंकू जाणार. बारा वर्षं उलटून गेली तरी ती तो अडवून बसली होती. शेवटी दोघांनी कबूल केलं, की विमान तारेच्या आधीचं निघालं तर विधी करायचा, नंतरचं निघालं तर नाव काढायचं नाही.

“हाई इमान कव्हयनं शे, तेवढंच सांगा,” ती म्हणाली.

बन्सीलालने फोटो उजेडात धरला. नाक गोल, पंख्याची पाती तीन. व्हेंजन्स, तो म्हणाला, बॉम्ब टाकणारं. त्रेचाळीस-चव्वेचाळीसला सरहद्दीवर हीच होती.

म्हणजे तारेच्या आधीचा. हिंमतरावांनी सुस्कारा सोडला, त्यात आनंद नव्हता. जसोदाबाईने फोटो मागायला हात पुढे केला, पण बन्सीलाल देईना. काहीतरी खटकत होतं. तीन पात्यांचा पंखा तिवईसारखा सारख्या अंतराने फाकतो. इथली तिन्ही पाती काटकोनात होती, आणि चौथ्याच्या जागी भिलाचं डोकं होतं. त्याने शेजारच्या घड्याळजीकडून भिंग आणवलं. टोपीच्या वर चौथ्या पात्याचा जरासा काळा तुकडा दिसत होता.

“व्हेंजन्स नाही,” तो म्हणाला. आपली चूक आपणच पकडल्याचा त्याला केवढा आनंद झाला होता! “टेम्पेस्ट. लढाई संपल्यावर आलं हे. पुण्याला मी सोता यानं इंजिन खोलेल शे.”

जसोदाबाईने पदर तोंडाशी धरला. ती रडत होती आणि तिला ते लपवायचंही नव्हतं. हिंमतराव खाली बघत राहिले. मग त्यांनी हळूच सांगितलं, की हरलो, आता विधीचं नाव काढणार नाही. भाऊ जिवंत असल्याचं त्यांनाही बरंच वाटलं असावं, डोळे पुसताना त्यांनी मिरचीचा ठसका लागल्याचं निमित्त केलं.

जरा वेळाने जसोदाबाईने विचारलं, “पुनाथीन आठे येवाले कितला दिन लागतस?”

एक रात आणि एक दिवस, बन्सीलालने सांगितलं. सांगून झाल्यावर तो प्रश्न त्याला कळला. तिने पुढचं विचारलं, तेव्हा रजा मिळत होत्या का? मिळत होत्या. मग त्याने घाईघाईने जोडलं, की एखाद्याच्या डोक्याला मार लागतो, घर आठवत नाही. पण पाकीट बिनचूक घरच्या पत्त्यावर आलं होतं, हे त्या तिघांनाही ठाऊक होतं. बन्सीलालला मनापासून वाईट वाटलं. व्हेंजन्सवरच थांबलो असतो तर, असं त्याच्या मनात आलं.

“त्यास्ले सांगा,” जसोदाबाई म्हणाली, “विधी करी टाका.”

हिंमतराव रीत विसरून थेट तिच्याशीच बोलले. “जित्ता मानूसना विधी कशा करतस?”

ती मात्र बन्सीलालकडेच बघत होती. “मरेल व्हतात तवलोंग मी वाट देखी. जित्ता शेतस, ते आते कोनी वाट देखू?”

चार दिवसांनी तापीकाठी विधी ठरला. बन्सीलालला निरोप आला, तो गेला. अशा कामाला बायका नदीवर येत नसत, पण जसोदाबाई आली आणि कुणी तिला अडवलं नाही. कपाळ तिने घरीच पुसलं होतं. पळसाची पानं रचून पुतळा तयार झाला, त्यावर पांढरं कापड पडलं. भटजींनी मृत्यूची तिथी विचारली, दर वर्षीचं श्राद्ध त्याच तिथीला करायचं म्हणून. हिंमतराव म्हणाले, तार आली ती होळीची धरा.

जसोदाबाई बन्सीलालजवळ येऊन उभी राहिली.

“होळी नको,” ती म्हणाली. “आमी तुमना दुकानमा उनूत, तो दिन सांगा.”

बन्सीलालने हिंमतरावांकडे पाहिलं. त्याने बोटांवर मोजलं आणि भटजींना सांगितलं, माघ वद्य नवमी. भटजींनी साल विचारलं नाही. हातावर तीळ आणि पाणी घेऊन त्यांनी भिलाचं नाव घेतलं आणि ती तिथी म्हटली.