डास कोणाच्या घरचे?

नवीन पनवेलमधल्या ‘सुयोग’ सोसायटीत २०१४च्या ऑक्टोबरमध्ये एकाच पंधरवड्यात तिघांना डेंग्यू झाला. सेक्रेटरी कृष्णकांत टिपणीस यांनी लगेच दोन गोष्टी केल्या. रोज संध्याकाळी आवारात धूर मारायला सुरुवात केली, आणि गेटवर पाटी लावली : ‘मासळीवालीस प्रवेश बंद.’

मासळीवाली म्हणजे गुणाबाई. उरणकडच्या कोळीवाड्यातून येऊन बारा वर्षं ती या इमारतीत दारोदार मासळी विकत होती. वॉचमनने तिला अडवलं तेव्हा टिपणीस गेटवरच होते.

“तुमच्या टोपलीमुळे घाण होते. डास येतात,” ते म्हणाले.

“साहेब, म्हावऱ्यावर माश्या बसतात, डास नाय! डास मानसाचं रगात पितो,” गुणाबाई म्हणाली. “बारा वर्सं तुमच्या घरात म्हावरा दिला, आन आता आमी घाण झालो?”

टिपणिसांनी वॉचमनला गेट लावायला सांगितलं. गुणाबाईने टोपली डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या डॉ. ऋचा प्रधान हे सगळं पाहत होत्या. त्या कीटकशास्त्रज्ञ. हवामान तापत चाललं की डासांच्या वाढीवर काय परिणाम होतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. इमारतीतल्या घरांमधलं साठलेलं पाणी तपासू द्या, असं त्यांनी टिपणिसांना दोनदा सांगितलं होतं. “लोकांना असं घरात कोणी शिरलेलं आवडत नाही हो,” असं म्हणून टिपणिसांनी विषय टाळला होता.

चौथ्या दिवशी टिपणिसांच्या पत्नी शोभाताईंना सणसणून ताप भरला. रक्त तपासलं. डेंग्यूच! प्लेटलेट्स भराभर उतरल्या आणि त्यांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं. कपडे न्यायला घरी आलेले टिपणीस ऋचाताईंना जिन्यात भेटले. डोळे लाल झालेले.

“मासळीवाली बंद केली, रोज धूर मारतोय, तरी हे कसं झालं? आता दिवसातून दोनदा मारतो!”

“काका, मला दहा मिनिटं तुमची बाल्कनी पाहू द्या,” ऋचाताई शांतपणे म्हणाल्या.

या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. बाल्कनीत अकरा कुंड्या होत्या, प्रत्येकीखाली पाणी साचलेली ताटली. ऋचाताईंनी एका ताटलीवर टॉर्च धरला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

“या कसल्या?”

“डेंग्यूच्या डासाच्या. तो गटारापेक्षा असं घरातलं स्वच्छ, साठलेलं पाणी पसंत करतो. आणि चावतो दिवसा. तुमचा संध्याकाळचा धूर जातो तो बाहेर उडणाऱ्या डासांवर. या अळ्यांना त्याचा पत्ताही नसतो. उलट डास खाणारे चतुरासारखे कीटक मात्र त्यात मरतात.”

“पण ही झाडं तर... मीच रोज पाणी घालतो त्यांना,” टिपणीस पुटपुटले.

“थंडीत या अळीचा डास व्हायला जास्त दिवस लागतात. अशा उकाड्यात आठवडाभरात होतो. हवा तापतेय काका, म्हणजे आपल्याला मिळणारा वेळ कमी होतोय. आणखी एक सांगते. मी तीन वर्षं गुणाबाईंच्या कोळीवाड्यातही पाणी तपासतेय. त्यांच्या घरी मला एकदाही अळी सापडली नाही. पाणीच तुटपुंजं. पिंप दर तीन दिवसांनी रिकामं होतं, आणि त्या ते घासूनच पुन्हा भरतात.”

टिपणिसांनी एकेक ताटली उचलून पाणी फरशीवर ओतलं. ज्या बाईला आपण गेटवरून हाकललं तिचं घर स्वच्छ, आणि डास पाळले ते आपणच!

मग ते थेट गेटवर गेले आणि त्यांनी पाटी काढून टाकली. रविवारी सभा बोलावली. “पहिली अळी माझ्या घरात सापडली,” असं उभं राहून सांगितलं. मग कोणीच दार अडवलं नाही. चाळीसपैकी तेवीस घरांत अळ्या निघाल्या! त्या दिवसापासून दर रविवारी सोसायटीत कोरडा दिवस सुरू झाला. ताटल्या, फ्रिजमागचे ट्रे, गच्चीवरचे डबे, सगळं ओतायचं आणि कडा घासायच्या, कारण अंडी कडांनाच चिकटून राहतात. पुढे महिनाभर नवा रुग्ण आढळला नाही.

त्याआधीच शोभाताई बऱ्या होऊन घरी आल्या, तेव्हा टिपणीस पनवेलच्या मासळी बाजारात गेले. आता तिथे बसू लागलेल्या गुणाबाईसमोर त्यांनी हात जोडले. “चूक माझी होती. शोभाला डेंग्यू झाला तो आमच्याच कुंड्यांमुळे. पाटी काढलीय. परत या.”

“बाय बरी हाय ना?” गुणाबाईने आधी विचारलं. मग ती ताठ बसली. “येते. पन आता लिफ्टनं येनार. बारा वर्सं जिन्यानं चढले.”

“लिफ्टनंच या!” टिपणीस म्हणाले.

मित्रहो, संकट आलं की आपलं बोट सर्वांत आधी कष्टकऱ्यांकडे वळतं, कारण ते सोपं असतं. पण निसर्ग माणसाची जात, धंदा किंवा टोपली पाहत नाही. तो जे आहे ते सरळ दाखवतो, आणि शास्त्र ते वाचायला शिकवतं. ते वाचण्याची हिंमत आपल्याच घरापासून दाखवली, तर बदलत्या हवामानातही आपण सुरक्षित राहू, आणि शेजाऱ्याला माणूस म्हणून वागवू!