डावीकडचा रस्ता

"पुढच्याचे डोळे, मागच्याचे पाय, मधल्या हातभर जागेत तिसऱ्याचं काम काय..." सायकल शिकवणाऱ्या मास्तरांचा हा आवाज किती वर्षांनी आला, आणि आला तोही कुठून, तर तिच्या बोटांतल्या टोपणातून. चाकात हवा भरायच्या नळीवरचं वाटाण्याएवढं काळं टोपण. दुकानात शिरताच समोरच्या सायकलीचं तिने नकळत फिरवून काढलं होतं आणि आता ते चिमटीत घोळवत ती उभी होती. मास्तर मुलींना एका रांगेत चालवायचे. पुढचीने खड्डा दिसला की त्या बाजूचा हात खाली नेऊन बोट दाखवायचं, मागचीने तो इशारा आणखी मागे पोचवायचा, आणि मागच्या कुणीही रस्ता बघायला मान वर काढायची नाही – समोरचं चाक बघायचं, बस. "पण मास्तर, तिसरा कोण?" तिने एकदा विचारलं होतं. "तो पडल्यावर भेटतो," मास्तर म्हणाले आणि हसले, आणि सगळी रांग हसली.

"हिचे दात बघ," नवरा म्हणाला. तो लाल सायकलीपाशी उकिडवा बसला होता. तो कवळ्या बनवतो. दिवसभर मेणात आणि प्लास्टरात दुसऱ्यांचे जबडे घडवणाऱ्या माणसाला सायकलीतही आधी दातेरी चाकच दिसणार. "एक कीड नाही, एक फट नाही."

"नवी आहे म्हणून," दुकानदार म्हणाला. "वर्षभर चालवा, मग दाखवायला आणा." तो जुना शर्यतवाला, एक गुडघा वाकत नसे, म्हणून एक पाय रोवून दुसरा फिरवत तो दुकानभर कंपासासारखा हिंडायचा. वर छताला टांगलेल्या सायकली, खाली रबराचा आणि तेलाचा वास. "पहिली सायकल माणूस डोळ्यांनी घेतो आणि दुसरी कमरेने. ताई, तुम्ही सोबत आहात ते बरं. यांची पहिलीच दुसरी होऊ द्या."

डोळ्यांनी... ती टोपण परत जागेवर बसवायला गेली आणि ते निसटून खाली पडलं, डावीकडे कुठेतरी, आणि तिने ते शोधलं नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक पांढरी पोकळी होती, पातेलं आडवं धरावं तशी. तिच्यात तोंड घालून, हनुवटी टेकवून बसायचं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. कुठेही दिवा चमकला की बटण दाबायचं. चांदण्या उगवत होत्या, विझत होत्या, ती दाबत होती... आणि मधेच कितीतरी वेळ काहीच उगवलं नाही, यंत्र मात्र टकटक करत राहिलं, जणू कुणीतरी दार वाजवतंय आणि घरात आपण असून ऐकू येत नाही. मग डॉक्टरीण म्हणाली, डावीकडे खाली. गेलं ते येत नाही, उरलं ते राखू. मग तिथे अंधार का नाही दिसत? – तिने विचारलं होतं, भाबडेपणाने, जणू त्यात सुटकेची फट असावी. डॉक्टरीण म्हणाली, मेंदू जागा रिकामी ठेवत नाही हो; आजूबाजूचं ओढून तिथे पसरतो. पाहुणे आले की डागावर चादर ओढावी, तसं. खड्ड्यावर रस्ता. दगडावर रस्ता. माझ्या डाव्या बाजूला आताशा खड्डाच नसतो... किती छान रस्ता आहे माझा, कुणी इतका गुळगुळीत करून दिला, माझ्याच माहेरचं कुणीतरी आत बसलंय आणि मला काही कळू नये म्हणून रात्रंदिवस सारवतंय.

रविवारच्या सायकलवाल्यांच्या गटात तिच्या मागून येणाऱ्या औषधवालीने ऐनवेळी सायकल वळवली होती, उघड्या गटाराच्या काठावरून. "हात कुठे गहाण टाकलास ग आज?" औषधवाली पुढच्या थांब्यावर म्हणाली होती, आणि सगळ्यांबरोबर हीही हसली होती. ऊन डोळ्यावर आलं होतं म्हणाली. ऊन पाठीवर होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

"हिच्यावर बस," ती नवऱ्याला म्हणाली. करड्या रंगाची, रुंद टायरांची, उंच हँडलची सायकल. तो बसला आणि आरशात स्वतःकडे बघून पडेल चेहऱ्याने म्हणाला, "शाळेच्या बाई दिसतोय मी. त्या लालवर बघ, माणूस वाकतो तरी."

"वाकलं की मान दुखते. लांबचं दिसत नाही."

"मला लांबचं कशाला दिसायला हवंय? तुझं चाक दिसलं की झालं."

तिने ब्रेकचा दांडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. हे नको, पकड जास्त असलेले दाखवा. टायर याहून रुंद बसतील का? हँडल आणखी वर येईल का? दुकानदार एकेक दाखवत होता, आणि दाखवता दाखवता त्याचे हात हळू झाले.

"ताई, एक विचारू? हे तुमच्या मागे राहणार म्हणतात. आणि तुम्ही सायकल निवडताय ती एकट्याने पुढे जाणाऱ्याची."

"नवशिका आहे तो," ती म्हणाली, जरा जास्तच पटकन.

"तिला वाटतं मी हरवेन," नवरा म्हणाला. "लग्नात मंडपाचं दार चुकलो होतो, ते अजून निघतं घरात."

दुकानदार हसला, पण त्याची नजर तिच्यावरून लगेच हलली नाही. जुना शर्यतवाला... हे लोक पाठीकडे बघून माणसाचा दम ओळखतात. तिने पाठ वळवली. भिंतीवर लाल सायकलीचं चित्र होतं, आणि चित्राचा डावा कोपरा शुभ्र, स्वच्छ – खरंच तिथे काही नव्हतं की...

नवऱ्याने सायकल मागितली होती ती जेवताना. "मलाही एक घेऊन दे. तू उठून जातेस, मी उशीशी गप्पा मारतो. तू रोज काय बघून येतेस ते मलाही बघू दे." वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, पूर्ण, धुऊन पुसून ठेवलेलं. पण त्याच्या तोंडावर असं काही उजाडलं होतं की... आणि खरं सांगायचं तर तेवढंच नव्हतं. सांगितलं की उद्यापासून कोपराला हात येणार, जिन्यावर हात, रस्त्यावर हात. रविवार जाणार, मग रस्ता जाणार, मग मी कोण? आणि दुसरं, त्याहून खोल, लाजेचं – इतकी वर्षं वाटत होतं, घरचं एक माणूस आपल्या मागे यावं. आलं. नेमकं आता आलं. "घेऊ की," ती म्हणाली होती.

"दोघं मागच्या गल्लीत फिरवून या," दुकानदार म्हणाला. "आधी लाल. मग करडी. अंगाला विचारा."

गल्ली गोदामांची होती, सुट्टीमुळे बंद. डावीकडे लांबच लांब भिंत.

"तू पुढे हो," ती म्हणाली.

"मला येतं कुठे? तू हो पुढे, बाईसाहेब. मी चिकटतो."

ती दुकानातल्याच एका सायकलीवर निघाली. मागे त्याची टिकटिक – पाय थांबवले की सायकल बोलते तशी – जवळ आली, लांब गेली, पुन्हा जवळ आली. "मी नुसतं चाक बघतोय," तो मागून म्हणाला. "कुठे चाललोय काही कळत नाही. मजा आहे." त्याच्या आवाजात लहान मुलाचं सुख होतं, डोळे मिटून झोक्यावर बसलेल्या मुलाचं, आणि हातभर जागा, तेवढीच, ती आपल्यासोबत चालत होती, वळत होती, श्वास घेत होती. डावीकडे रस्ता होता. सपाट, करडा, एकसंध. एवढा सपाट कसा? तिने मान वळवली – वळवली म्हणून दिसलं – फरशी उचकटलेली, आत लोखंडी सळया वर आलेल्या, आणि तिचं चाक त्यांच्या बाजूने निघूनही गेलेलं. त्याचं चाक टीचभर अंतराने गेलं. त्याला कळलं नाही. त्याला कळायचं कारणच नव्हतं, तो नियम पाळत होता.

तिने पुन्हा समोर पाहिलं. पुन्हा सगळीकडे रस्ता.

तिने हात वर केला आणि ती थांबली. त्या इशाऱ्याचा अर्थ त्याला कुणी शिकवला नव्हता. त्याचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकाला येऊन लागलं, हलकेच, वासराने ढुशी द्यावी तसं. तो एका पायावर सावरला, हसला.

"काय झालं? चेन पडली?"

"नाही."

"मग?"

भिंतीवर ऊन होतं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सरळ, मधोमध, जिथे ती अजून सगळं पाहू शकत होती – घामेजलेलं कपाळ, शिरस्त्राणाचा चुकीचा बांधलेला पट्टा, आणि भरवसा, ज्याचं काय करावं हे तिला कळेना असा उघडा भरवसा. आत सारवणारा हात थांबला. ती जागा आता रस्ता नव्हती, काहीच नव्हती, आणि तिच्या काठावर ती उभी होती.

"मला डावीकडे खाली दिसत नाही," ती म्हणाली. "दिसतं असं वाटतं. तिथे काही नसतं."

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. "कधीपासून?"

"तू सायकल मागितलीस ना," ती म्हणाली, "त्याच्या आधीपासून."