दुसऱ्या अंकातला विराम

"जरा मागे घे," दादा म्हणाला.

चिमीने कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर तोच तुकडा पुन्हा लावला. मेकअपच्या खोलीत भावाबहिणीशिवाय कुणी नव्हतं. पडद्यावर कालच्या रंगीत तालमीतला दादा बोलता बोलता पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवत होता. ग्लास टेबलाच्या कडेबाहेर, हवेतच ठेवला गेला.

"पडला ग्लास. पडतात ग्लास," दादा म्हणाला.

"ग्लास सोड. तोंडाकडे बघ. डावीकडच्या कोपऱ्याकडे."

दादाने पाहिलं. शब्द पुढे जात होते आणि ओठांचा डावा कोपरा पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखा मागून येत होता. पहिल्या रांगेतूनही हे दिसलं नसतं. चिमीने लांब पल्ल्याची लेन्स लावून चेहरा जवळ घेतला होता, म्हणून दिसलं.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.

"उद्या सकाळी. नेशील तिथे येतो. आज लोक येऊन बसायला लागलेत. आणि वहिनीला ताकास तूर लागू देऊ नकोस."

"तिला सकाळीच सांगितलं."

"तरीच जेवताना माझ्या तोंडाकडे टक लावून बसली होती. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आवडायला लागलो."

चिमीला हसू आलं नाही. वहिनीने तिला बजावूनच पाठवलं होतं, "माझं तर ऐकणार नाही, तुझं ऐकलं तर बघ." पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बहिणीला कॅमेऱ्यामागे उभं केलं होतं तेही दादानेच. विशीत तिने रंगमंचावर पाऊल टाकलं होतं आणि एकुलतं एक वाक्य विसरून घामाघूम होऊन आत आली होती. तेव्हा तो म्हणाला होता, "घरात एक नट पुरे. दुसऱ्याने बघायचं काम करावं." तेव्हापासून ती बघत आली होती. कॅमेरे बदलले, दादाचे केस पिकले, ती मात्र प्रत्येक नाटकाला शेवटच्या रांगेमागे उभी.

"एक कर," मिशीला डिंक लावता लावता दादा म्हणाला. "आज सगळा रंगमंच दाखवत बसू नकोस. कॅमेरा माझ्यावरच ठेव. काहीही झालं तरी बंद करायचा नाही."

"काहीही म्हणजे?"

"काहीही म्हणजे काहीही." त्याने आरशात पाहून मिशी दाबली. एकदा दाबली, मग पुन्हा दाबली. डावी बाजू चिकटत नव्हती.

पडदा उघडला. चिमीने कॅमेऱ्यात उजेड बेताचा घेतला होता, नाहीतर दिव्यांखाली चेहरे पांढरेफटक येतात. फोकस ती हातानेच धरून होती. कॅमेऱ्यावर सोडला तर अंधारात चाचपडत बसतो. रेकॉर्डिंग दर अर्ध्या तासाने आपोआप थांबे, की ती लगेच पुन्हा बटण दाबी. पहिला अंक असा रंगला की प्रेक्षागृह हसून हसून लोळत होतं. दादाने इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

मध्यंतरात वहिनी पुढची खुर्ची सोडून मागे आली.

"कसा वाटतोय?"

"छान करतोय."

"ते मलाही दिसतंय. मी ते विचारत नाहीये."

"अजून तरी काही नाही."

वहिनी पुढे परत गेली नाही. भिंतीला टेकून चिमीशेजारीच उभी राहिली.

दुसऱ्या अंकात बाप, म्हणजे दादा, मुलाला सांगतो की, आपण हे घर सोडायचं. वाक्य अर्धवट टाकून तो खिडकीकडे वळतो, विराम घेतो आणि मग उरलेलं बोलतो. चिमीला तो विराम पाठ होता. दादा थांबला. प्रेक्षागृह चिडीचूप झालं.

तो खिडकीकडे वळला नाही.

कॅमेऱ्यात त्याची डावी पापणी हळूच खाली आली. मिशीचं टोक सुटलं. उजव्या हाताने खुर्चीची पाठ धरली आणि नजर विंगेकडे गेली, स्वतःच्या घराचं दार विसरल्यासारखी. मुलाचं काम करणारा नट वाक्याची वाट पाहत अदबीने उभा होता. पुढून कुणीतरी हलकेच "वा" म्हणालं.

चिमीच्या मनात कालपासून पाल चुकचुकत होती, ती आता गप्प झाली. विचारायचं काही उरलंच नव्हतं. तिने कॅमेरा तसाच सोडला आणि मधल्या वाटेने धावत सुटली.

"पडदा पाडा. पडदा पाडा आधी."

लोक चिडून मागे वळले. कुणी "शू" केलं. पायऱ्या चढून ती उजेडात पोचली, तेव्हा दादाचा हात खुर्चीवरून सुटत होता. त्याचा सगळा भार तिच्या अंगावर आला. पडदा पडायच्या आत टाळ्याही पडल्या.

"वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले. म्हणजे जीव वाचला. डावा हात गेला आणि बोलणं एकेका शब्दापुरतं उरलं.

काही महिन्यांनी दादाने डोळ्यांपुढे उजव्या हाताच्या बोटांची अर्धी चौकट धरून दाखवली. त्याला ते रेकॉर्डिंग हवं होतं. वहिनी नको म्हणत होती, पण चिमीने लावलं. पहिला अंक त्याने नटासारखा पाहिला, भुवया आक्रसून. दुसऱ्या अंकात चित्रातला दादा थांबला, खुर्ची धरून उभा राहिला. मग अंधारातून चिमीची पाठ चौकटीत आली, धावत लहान लहान होत गेली आणि उजेडात त्याला जाऊन भिडली. चिमी थांबवायला गेली, तर त्याने मान हलवली. पडदा पडेपर्यंत त्याने सगळं पाहिलं.

"जरा..." तो म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "लांबला."

"काय लांबला, दादा?"

"वि... राम."

वहिनी उठून आत गेली.

त्या दिवशी संध्याकाळी दिग्दर्शक यायचा होता. बापाचं काम दुसऱ्या नटाला द्यायचं ठरलं होतं आणि ते दादाच्या तोंडावर सांगायला तो स्वतः येत होता. दादाने इस्त्रीचा शर्ट मागून घेतला. उजव्या हाताने खालून एकेक बटण लावू लागला. चिमीने हात पुढे केला, तो त्याने कोपराने बाजूला सारला.

दारावरची बेल वाजली. वहिनी आतून आली आणि दाराशी जाऊन थांबली. बेल पुन्हा वाजली. गळ्याजवळचं बटण लागेपर्यंत कुणी कडी काढली नाही.